तीन शिंगाड्यांच्या नावाची गाडी

मी आन माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शिंगाडे सोलायचं. कार्तिकातली दुपार होती. वाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीपुढं पोतं टाकून बसलो होतो. समोरच्या गोदामात ट्रक मागं घेणं चालू होतं, धूळ सारी अंगावर येत होती. ती विळीवर उकडलेल्या शिंगाड्यांची टोकं उडवत होती, मी साल काढत होतो. माझं साल काढणं तिला जन्मात कधी पसंत पडलं नाही.

"अर्धा गर सालीतच ठेवून राहिले तुम्ही. गाईसाठी सोलून राहिले काय?"

"मी काही तुझ्यासारखा तलावात नाही जन्मलो."

"तेच तं. म्हणून सांगून ठेवते, मी मेली का माझी राख माझ्या बापाच्या तलावात टाकजा. ते कन्हान नदी-फिदी नको मले."

"गप वं. रोज रोज काय तेच?"

"रोज म्हटल्याशिवाय तुमच्या डोक्यात जाते काय?"

मग ती चहा ठेवायला आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "काय पाडलं वं?" आत गेलो तर ती ओट्यापाशी पडलेली. दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यात बत्ती मारून पाहिली आन मान हलवली. याच्याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही.

राखेचं हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका मोटारीच्या नावावरून. ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

मी लकडगंजात एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडं ड्रायव्हर होतो. हात थरथरायला लागेपर्यंत तिथंच होतो. शेटजींनी एकदा जपानी कंपनीची मोठी गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिची जाहिरात करायचं मला काही कारण नाही. गाडीच्या नाकावर तीन चौकटी होत्या, तिरप्या, टोकाला टोक लावून मधात मिळालेल्या. शेटजी सगळ्यांना सांगत, हे तीन हिरे आहेत. मीबी तेच सांगायचो.

दसऱ्याला गाडी धुवायला घरी आणली. ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, गाडीच्या नाकापुढं उभी राहिली आन म्हणाली, "हे तं शिंगाड्याची पानं होत."

मला हसूच आलं. "अवं, हिरे होत ते. जपानची गाडी हाये. तिकडच्या लोकायले तुझ्या बापाच्या तलावाशी काय घेणं?"

"काहून? तिकडं पाणी नाही काय?"

तिचा बाप भंडाऱ्याकडचा ढिवर, मासे धरणाऱ्या जातीचा. तलावात शिंगाडा लावायचा. शिंगाड्याचं पान पाण्यावर चौकटीसारखं तिरपं पसरते, एकाच देठातून चारी बाजूला. लहानपणापासून गळाभर पाण्यात उभं राहून तिनं ते पान उचलून खालचं फळ तोडलं होतं. काट्यांनी बोटं फुटायची, पायाला जळवा लागायच्या. तिला त्या चौकटीत दुसरं काही दिसणारच नव्हतं. कुंकू लावताना तिनं तिन्ही पानांना वेगवेगळं लावलं. शेटजींनी दुसऱ्या दिवशी ते पुसायला लावलं.

पुढं काही वर्षांनी शेटजींकडं जपानचा एक म्हातारा व्यापारी आला. सोबत त्याची बोली समजणारी एक मुलगी, पुण्याची. त्यांना घेऊन मी भंडारा रोडनं चाललो होतो. रस्त्याच्या कडेला बाया शिंगाड्याचे ढीग लावून बसलेल्या. म्हाताऱ्यानं एकदम सीटवर थाप मारली. मला वाटलं, कोणाला गाडी लागली. थांबवली, तर तो उतरून पळतच गेला, शिंगाडे घेऊन आला, आन गाडीपुढं उकिडवा बसून त्या तीन चौकटींपाशी एकएक धरून हसायला लागला. आजा नातवासोबत खेळतो तसा.

मुलगी मला म्हणाली, "काका, यांच्या गावाकडे पण हे पिकतं. आजी उकडून द्यायची म्हणतात. आणि या कंपनीचं नाव आहे ना, त्यातला पहिला भाग म्हणजे तीन, आणि दुसरा म्हणजे हे, शिंगाडा."

"हिरे नाहीत?"

"अशा तिरप्या चौकटीलाही ते शिंगाड्याचाच शब्द वापरतात. म्हणून बाहेरच्यांना हिरा वाटतो."

तिनं म्हाताऱ्याला विचारून अजून सांगितलं. कंपनी ज्यानं काढली त्याच्या घराण्याच्या निशाणीत शिंगाडे होते. तो ज्या सरदाराच्या पदरी होता त्याच्या निशाणीत दुसऱ्या कुठल्या झाडाची तीन पानं होती. दोन्ही मिळून हे चिन्ह झालं. पहिला धंदा जहाजांचा होता, मोटारी मागून आल्या.

"पक्कं हाये न, मॅडम?"

"पक्कं, काका."

संध्याकाळी घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आता माझी धुलाई होईल. पण चूल निवली तरी ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "त्यायनं जहाजं बनवली, कारखाने टाकले, इतक्या लांब मोटारी धाडल्या. पण नावातून शिंगाडा काढला नाही."

"हो न."

"माझं तं तुम्ही नावबी पुसलं."

आमच्यात लग्नाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मला अक्षरं धड येत नव्हती. मावशीनं कागदावर लिहून दिलेलं पाहून पाहून मी ते काढलं. लोक हसले, तीबी हसली. त्या दिवसापासून तिला माहेरच्या नावानं कोणी हाक मारली नाही, तिच्या भावाशिवाय. मी तर नाहीच. असं सगळेच करतात.

"तुम्ही मले पाण्यातून उपटून या धुळीत लावलं," ती म्हणाली. "जिती असताना वापस जाणं होणार नाही. मेल्यावर तरी नेऊन टाका."

पुढं तिनं हा विषय सोडला नाही. कधी चिडून म्हणे, कधी मजेत म्हणे, पण म्हणे.

आम्हाला लेकरू नाही. ती गेली त्या संध्याकाळी घाटावर तिचा धाकटा भाऊ आला. तलाव आता तोच पाहतो. तिरडीजवळ बसून त्यानं तिला माहेरच्या नावानं हाक मारली. आजूबाजूचे लोक एकमेकांकडं पाहायला लागले, कोणाला हाक मारून राहिला म्हणून.

अग्नी दिल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "तिची राख तुमच्या तलावात टाकायची हाये. तिनं सांगितलं हाये."

तो खाली पाहत राहिला. "भाऊजी, असं नका म्हणू. ते उपासाचं फळ होय. लोक एकादशीले खातेत."

"माहीत हाये मले."

"आमच्या घरी सुतक पडलं तं आम्ही पाण्यात पाय टाकत नाही. माय मेली तेव्हा सारा माल वेलावर काळा पडला. बाबानं एक शिंगाडा तोडू देला नाही. आम्ही दोघं बहीणभाऊ तलावाच्या पाळीवर बसून पाहत होतो. घरात खायला नव्हतं. आन तुम्ही राख टाकतो म्हणता."

मला संताप आला. मी त्याला कंपनीची गोष्ट सांगितली. जपानवाल्यांनी नावात ठेवला आन तुम्ही सख्ख्या बहिणीला घेत नाही म्हटलं. जरा जास्तच बोललो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "ते कंपनीवाले तलावाचं खात नाहीत, भाऊजी. आम्ही खातो."

तो रात्री माझ्याकडंच थांबला.

सकाळी दोघं राख सावडायला गेलो. ऊन यायचं होतं. पाणी शिंपडलं, वाफ निघाली. तो वाकून हाडं वेचायला लागला. वेचता वेचता मधातच थांबला, तोंडावर गमछा दाबला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "मूठभर द्या, भाऊजी. कोणाले माहीत पडते? अंधारात डोंगी पाण्यात लोटतो आन मधात टाकून येतो. पोहायले तिनंच शिकवलं मले."

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. खरंच आलं होतं. ज्यासाठी काल भांडलो ते तो स्वतःहून देत होता. मडकं पुढं करायचं तेवढं बाकी होतं.

पण तो जे काल बोलला ते माझ्या डोक्यात बसलं होतं. माय मेली तेव्हा पाळीवर बसलेल्या दोघांत हीबी होती. उपाशी होती, माल डोळ्यादेखत सडत होता, तरी तिनं पाण्यात पाय टाकला नाही. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तरी माझ्याकडं मागितलं. समजून मागितलं, का माझ्यावरच्या रागानं मागितलं, ते विचारायला आता ती नाही.

"नको," म्हटलं.

"काहून? मी हो म्हणून राहिलो न."

"आज म्हणशील. मग दर साली त्या पाण्यात उतरशील तेव्हा तुले ते आठवन. आन लोक उपासाले खातीन."

"लोकायचं मी पाहतो."

"तू नको पाहू. मी नाही म्हटलं, दोष माझ्या नावावर लाव."

तो रडायला लागला. मला रडू आलं नाही, अजूनबी येत नाही.

ऑटो करून कन्हानला गेलो. पुलाखाली गुडघाभर पाण्यात उतरलो. तो काठावर मडकं धरून उभा होता, म्हणाला, मीबी येतो. म्हटलं ये. दोघांनी मिळून उलटं केलं. तिचं ऐकलं नाही, हे मी तिथं मोठ्यानं म्हटलं. बाजूला एक माणूस म्हशी धूत होता, त्यानं वळून पाहिलं.

मडकं फोडलं, आंघोळ केली. मग भंडाऱ्याच्या बसमध्ये त्याला बसवून दिलं. खिडकीतून त्यानं विचारलं, "जेवायचं काय करसान, भाऊजी?"

मी म्हटलं, "पाहू." बस निघाली.