लॅमिनेट केलेला दाखला घेऊन वेलिंग्टनला

ऑकलंडहून वेलिंग्टन म्हणजे विमानानं तासाभराचं काम, पण मी हट्टानं गाडी काढली. मला मुक्ता आठ-नऊ तास शेजारच्या सीटवर हवी होती, जिथून उठून जाता येत नाही.

मुक्ता माझी मुलगी, वय अठरा. डिसेंबरात शाळा संपली आणि तिनं जाहीर केलं की ती कायदा शिकणार, पण इथे नाही. दोन वर्षं जर्मनीत, दोन वर्षं फ्रान्समध्ये, दोन्ही भाषांतून, आणि शेवटी दोन्ही देशांच्या पदव्या. मी म्हटलं, "अगं, त्या घेऊन आपल्या हेन्डरसनमध्ये काय करणार?"

"हू सेड हेन्डरसन, आई?"

अर्जासाठी तिच्या जन्मदाखल्यावर परदेशात चालणारा सरकारी शिक्का हवा होता. टपालानं होतं ते काम, पण शुक्रवारपर्यंत कागद अपलोड करायचे होते आणि सोमवार उजाडला होता. म्हणून थेट वेलिंग्टन. माझा बेत साधा होता: कागदाचं काम करायचं आणि जाता जाता तिचं मन वळवायचं.

सोमवारी दुपारी तिची सुपरमार्केटातली शिफ्ट संपल्यावर निघालो. आदल्या दिवशी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत जाऊन बाकरवडी आणि ठेपले आणले होते. तुम्हीही न्या, हायवेवर मीट-पायशिवाय, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्रीशिवाय, फारसं काही मिळत नाही. हॅमिल्टनपर्यंत रस्ता मक्खन आहे. टीराऊच्या पुढे एका फाटकापाशी फेजोआच्या, म्हणजे पेरूसारख्या हिरव्या फळांच्या, पिशव्या ठेवल्या होत्या. शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणी नाही. मी पाच डॉलर टाकून एक पिशवी उचलली, तर मुक्ता हसायलाच लागली.

"आई, जर्मनीत यू जस्ट मेड थ्री काँट्रॅक्ट्स. एक विकण्याचा, एक फळं देण्याचा, एक पैसे देण्याचा."

"पाच डॉलरच्या फळांना तीन करार? डोकं फिरलंय का त्यांचं?"

"आणि फ्रान्समध्ये किंमत ठरली की फळं तुझी झाली, हात लावायच्या आधीच! सेम फळं, आई. दॅट्स द बेस्ट पार्ट."

मग टाउपो येईपर्यंत ती थांबलीच नाही. घरात 'हो', 'नाही' आणि 'व्हॉटेव्हर' एवढंच बोलणारी ही मुलगी! खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला नाही, रागच आला. त्या दोन देशांबद्दल इतकं प्रेम, आणि आम्ही?

टाउपोत तळ्याजवळ मोटेल घेतलं, एकशे सत्तर डॉलर. खोलीत छोटं किचन होतं, म्हणून मुगाची खिचडी टाकली. सकाळी सातला निघालो. तुरांगीनंतर डेझर्ट रोड लागतो. टाकी तिथेच भरून घ्या, मध्ये पंप नाही. थंडीत बर्फामुळे हा रस्ता बंदही होतो, तेव्हा आधी फोनवर बघा. उजवीकडे रुआपेहू पांढराशुभ्र उभा होता. फोनला रेंज नव्हती. म्हटलं, हीच वेळ.

"ऑकलंडला कर ना कायदा. घरून जा-ये कर. ही गाडी तुला देते."

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ऐकलं मी." बस्स, एवढंच. टायहापेला दोघींनी एकेक मीट-पाय खाल्ला.

वेलिंग्टनला दुपारी एकला पोचलो. शहरात पार्किंग महाग आहे. गाडी बाहेरच्या स्टेशनवर ठेवून ट्रेननं या, आम्ही ते केलं नाही आणि पस्तावलो. शिक्का देणाऱ्या सरकारी कचेरीत काउंटरवरचा माणूस हसतमुख होता. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करत त्यानं दाखला घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"लॅमिनेटेड आहे. सॉरी, यावर शिक्का मारता येणार नाही."

आता आमच्याकडे महत्त्वाचा कागद घरात आला की आधी लॅमिनेट होतो. माझी दहावीची मार्कशीट, लग्नाचा दाखला, मुक्ताचा जन्मदाखला, सगळं कसं चकचकीत. नवा मागवला तर काही दिवस लागणार, असं तो म्हणाला. मग विचारलं, "दुसरी मूळ प्रत आहे का?"

होती. तिचं भारताचं ओसीआय कार्ड काढताना एक जादा मागवली होती. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, फाइलच्या शेवटच्या कप्प्यात, प्लास्टिक न चढवलेली. मुक्ताला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "नो."

बाहेर आलो. समुद्राकाठी वारा असा की उभं राहवेना. बाकावर बसलो. मला वाटलं, आता ही माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर मी गप्प बसले असते आणि मुलगी घरी राहिली असती. पण तिनं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "इट्स ओके, आई. तुला कसं माहीत असणार? यू वर जस्ट कीपिंग इट सेफ."

माझ्याच्यानं नाही झालं. फाइल उघडली आणि दाखला काढून तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं दाखल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझ्याकडे होता?"

"हो."

"आणि तू नो म्हणालीस?"

"हो. मला तू जायला नको आहेस."

ती उठली आणि दाखला घेऊन चालू लागली. मी पिशव्या सावरत तिच्या मागे धावले. शिक्का मिळाला. त्या माणसानं काहीच विचारलं नाही, देव त्याचं भलं करो. परतीच्या वाटेवर डेझर्ट रोडच्या अलीकडच्या वाइऊरूपर्यंत मुक्ता माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिथे मात्र बाकरवडीचा पुडा फोडून माझ्यापुढे धरला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा मंदार, माझा नवरा, दारातच उभा होता. "झालं का काम?"

मला तोंड वर करवेना. मुक्तानं बूट काढत सांगितलं, "झालं. आईनं दुसरी कॉपी बरोबर नेली होती, म्हणून झालं."

शुक्रवारी अर्ज गेला, आणि आता तिला प्रवेशही मिळालाय. सप्टेंबरात निघेल. मंदार त्या दिवसापासून पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, बायको कशी तयारीची आहे ते. मुक्ता शेजारी बसून ऐकते, पण बोलत नाही. त्याला खरं काय ते आज इथे वाचून कळेल.