मानेवरचं नाव

दुपारी जेवून उठले होते, तेवढ्यात धुळ्याहून भाच्याचा, उमेशचा फोन आला. "फुई, आबा गयात." खानदेशात आत्याला फुई म्हणतात; आबा म्हणजे त्याचे वडील, माझा भाऊ. मी विचारलं, कुठे, कसे? तो म्हणाला, "खुर्चीवरच." आणि फोन ठेवला. जळगावहून धुळ्याला जाताना एसटीत मी रडायचा प्रयत्न केला, पण पारोळा येईपर्यंत मला भावाचं बोलणंच आठवत राहिलं आणि रडू काही येईना. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. माझ्या भावाबद्दल, दिलीपभाऊबद्दल, फक्त चांगलंच लिहायचं ठरवलं तर दोन ओळींत आटोपेल. त्याचं काम चोख होतं, आणि हाताखालच्या माणसांना तो कधी उपाशी ठेवत नसे. झालं.

त्याचा धुळ्यात लेथचा कारखाना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे ॲक्सल तो बनवायचा. जाड दांडा टोकाशी बारीक करतात आणि त्या बारीक भागावर बेअरिंग, चाक बसतं. दांडा जिथे जाडाचा बारीक होतो त्या जागेला भाऊ मान म्हणायचा. बाकीचे कारखानदार टोकदार हत्याराने तिथे काटकोन कापतात, कारण काम लवकर होतं आणि बेअरिंग अंगाला घट्ट चिकटून बसतं. भाऊ हत्याराचं टोक घासून गोल करायचा, म्हणजे मानेला हलकी गोलाई यायची. मग त्या गोलाईवर अडकणार नाही असं बेअरिंग हुडकत हिंडायचा. आम्ही जेवायला बसलो तरी हेच. प्रत्येक खड्ड्याला दांडा केसभर वाकतो, परत सरळ होतो. एकदा वाकल्याने काही होत नाही, पण तो रोज वाकतो, वर्षानुवर्षं वाकतो, आणि जिथे कोपरा असेल तिथे सगळा ताण येऊन बसतो. "कोपरा ठेवा ते तठूनच मोडी," असं म्हणून तो भाकरीचा तुकडा मोडायचा. मोडलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा दिसतात. चीर जसजशी पुढे सरकली त्याच्या त्या खुणा. शेवटचा भाग तेवढा खडबडीत असतो, कारण तो एकदम तुटतो. हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा, की वाटावं कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगतोय.

कारखान्याच्या ऑफिसात त्याने एक फळी ठोकली होती. तिच्यावर दुसऱ्यांचे मोडलेले ॲक्सल, आणि प्रत्येकाखाली बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. गिऱ्हाईक आलं की चहाच्या आधी ती फळी. पारोळ्याच्या नानांचा तुकडा अगदी मधोमध. याच नानांकडे भाऊ लेथ शिकला होता. नानांच्या मुलीच्या हळदीला आम्ही सगळे गेलो. भाऊने कापडी पिशवीतून हा तुकडा काढला आणि व्याह्यांच्या देखत नानांच्या मांडीवर ठेवला. "हाई बी तुमनीच पोर शे, नाना. मोडीसन परत उनी." मोडून परत आलेली पोर, आणि तेही हळदीच्या मांडवात! कुणी हसलं नाही. नानांनी तुकडा हातात घेतला, तोंडावरून बोट फिरवलं, म्हणाले, "कोपरा राहीग्या." वर्षभरात त्यांनी लेथ विकला. भाऊला हे कळलं तेव्हा तो फळीवरची धूळ पुसत होता, पुसतच राहिला. त्या दिवसापासून मला त्याची भीती वाटू लागली.

मग बाजारात नावाची चोरी सुरू झाली. दुकानदार त्याच्या दांड्यावरचं नाव ग्राइंडरने घासून आपलं घालू लागले. भाऊ पेटून उठला. त्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना लेथभोवती उभं केलं, नव्या ॲक्सलला कुंकू लावलं, पोलादी अक्षरांचे पंच घेतले आणि स्वतःच्या हाताने नाव ठोकलं. चाकाच्या आत, बरोबर मानेवर, जिथे कुणाचा ग्राइंडर पोचणार नाही. घाव खोल हवा, म्हणून घण पुन्हा पुन्हा मारला. वहिनी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तुम्हीच सांगतस ना, मानले नख बी लागाले नको. मंग हाई नाव?"

भाऊने मान वर केली नाही. "नाव म्हंजे काय ओरखडा शे का?"

त्यानंतर प्रत्येक ॲक्सलवर नाव पडत गेलं. बसवताना ते खाली गेलं की वर, कोण पाहतं... खाली गेलं तर प्रत्येक खड्ड्याचा ताण नेमका त्या अक्षरांवर. उमेश नरडाण्याहून सळ्या भरून येत होता. ट्रॉली घरचीच होती, ॲक्सलही भाऊचाच. दांडा मानेत तुटला, ट्रॉली कलंडली, तिने ट्रॅक्टर ओढला आणि उमेशचा पाय त्याखाली गेला. गुडघ्यापासून काढावा लागला. दवाखान्याच्या दारात भाऊ लोकांना सांगत होता, पोरानं गाडी खड्ड्यात घातली, सळ्या जास्त भरल्या, लोखंडच खराब आलं. तुटलेलं तोंड त्याने पाहिलं होतं. शिंपल्याच्या रेषा पहिल्या अक्षराच्या तळापासून निघाल्या होत्या, आणि त्या वाचायला मला त्यानेच शिकवलं होतं. तो तुकडा त्याने भंगारात टाकला. कुबड्या घेऊन घरी आल्यावर उमेशने तो शोधून काढला आणि फळीवर नानांच्या तुकड्याशेजारी ठेवला. त्याला चिठ्ठी लावायची गरज नव्हती. भाऊ मात्र शेवटपर्यंत पोराचीच चूक म्हणत राहिला. एकदा, फक्त एकदा, त्याने "माझं चुकलं" म्हणावं, एवढ्यासाठी उमेश त्या घरात थांबला होता.

पुढे भाऊला लकवा झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. उमेश रोज सकाळी त्याला आंघोळ घालायचा, दाढी करायचा, कारखान्यात आणून खुर्चीत बसवायचा आणि खुर्ची फळीकडे वळवायचा. "बठा आबा. देखा." दिवसभर. वहिनीने हातापाया पडून पाहिलं, मी भांडून पाहिलं. माझ्या शेवटच्या भेटीत मी भाऊजवळ वाकले आणि विचारलं, "भाऊ, आता तरी?" त्याचे डोळे फळीवर होते. डावा हात हळूहळू उचलला. मला वाटलं, आता... उमेशही दारात थांबला होता. ते बोट फळीवरून सरकलं आणि उमेशवर येऊन थांबलं. उमेशने त्याची लाळ पुसली, पाणी पाजलं आणि खुर्ची फळीच्या आणखी जवळ ओढली.

दिवसकार्य आटोपल्यावर मी एकटीच ऑफिसात गेले. खुर्ची तशीच होती. मी ती खिडकीकडे वळवली आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. उमेश लंगडत आला. त्याने खुर्ची परत फिरवली, तिच्यात बसला, खोटा पाय सोडून फळीला टेकवून ठेवला. मग खिशातून तेलाचं फडकं काढून तो बापाचा तुकडा पुसू लागला, नखाने प्रत्येक अक्षर साफ करत. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे ना रे उमेश आते. आबा ते गयात."

"गंज चढना ते नाव जाई, फुई," तो म्हणाला.