पाच भ्रूण आणि मिठाची पाटी

पेणला रामवाडीत एक वंध्यत्व केंद्र आहे. तिथल्या लॅबमध्ये भ्रूण वाढवायचं काम मी करते. राहते रोह्याजवळ, वरसे गावात. स्त्रीबीजाशी शुक्राणूचं मीलन झालं की पुढचे पाच दिवस ते भ्रूण आमच्या इन्क्युबेटरमध्ये असतात. कसे वाढतायत, ते घरच्यांना फोन करून सांगायचं कामही माझंच. फोनवर मी त्यांना 'बाळ' म्हणत नाही. सुरुवातीला एका बाईशी बोलताना म्हटलं होतं. दोन दिवसांनी ते वाढायचं थांबलं, आणि त्या बाईला काय सांगावं ते मला सुचेना.

खाडीकडच्या गावातलं एक जोडपं आलं होतं. घर मिठागरावर राबणारं, नवरा रोह्याच्या कंपनीत शिफ्टला. सून घाबरायची, म्हणून माझे फोन सासू घ्यायची.

"कशी हायत आमची पोरं?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

"पाच भ्रूण तयार झालेत, मावशी."

तिसऱ्या दिवशी तीन उरले, पाचव्या दिवशी एक. तो मात्र छान वाढला होता. डॉक्टरांनी तो सुनेच्या गर्भाशयात सोडला. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. गर्भ राहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सासू एकटीच केंद्रात आली. जाब विचारायला आली असेल, असंच मला वाटलं. त्या पाच दिवसांच्या तापमानाच्या नोंदी मी आधीच दोनदा तपासल्या होत्या. चूक कुठेच नव्हती.

"ताई, इथनं घरी आल्यावर चौथ्या दिवशी सून मिठागरावर गेली," सासू म्हणाली. "मिठाची पाटी उचलली. आता म्हणते, माज्यामुळंच गेलं. धड जेवत नाय. खरं हाय का ते?"

"नाही मावशी. पाटी उचलून असं होत नाही. बहुतेक वेळा भ्रूणातच काही उणं असतं. आम्हाला ते बघून कळत नाही."

"मग तूच सांग तिला. मी सांगितलं तर तिला वाटतं, सासू समजूत घालते."

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. कुठल्याच पेशंटकडे मी तोवर गेले नव्हते. सून ओट्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि आदी थांबले ते चार?"

"ते तर माझ्याकडेच होते. तुझा काय दोष?"

मग तिनं विचारलं, "तुमाला वाईट वाटलं?"

"वाटलं," मी म्हटलं. तोपर्यंत हे मी कोणापाशीच बोलले नव्हते, घरीसुद्धा नाही.

तेव्हा ती रडली. सासू आतून दोन ताटं घेऊन आली, एक तिच्यापुढे ठेवलं, एक माझ्यापुढे. "जेव गो," एवढंच म्हणाली. सुनेनं चार घास खाल्ले.

पुढे दोघं नवरा-बायको केंद्रात आली आणि आता उपचार नकोत, असं तिनंच सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचार करायला सांगितलं, मी मात्र आग्रह केला नाही. आता ती दोघं रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहतात, नवऱ्याला कंपनी जवळ पडते. ती ब्लाउज शिवते. माझेही तिच्याकडेच असतात. माप घेताना ती सासूचं सांगते, गुडघे दुखतात तरी मिठागर सोडत नाही म्हणून. त्या पाच दिवसांचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.