ओस्टरविलचा दशांश

ओस्टरविलमध्ये ऑर्व्हिल डोंबेकला ऑर्व्हिल म्हणणारं माणूस एकच होतं, त्याची बायको ॲडलीन. बाकी सगळं गाव, पाद्रीबुवांपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत, त्याला ‘दशांश’ म्हणायचं. त्याने अडतीस वर्षं चीजच्या कारखान्यात काढली, दोन मुली वाढवल्या, आणि एकदा बर्फ फुटून तळ्यात पडलेल्या पोस्टमनला ओढून बाहेर काढलं. पोस्टमनचे दात वाजायचे थांबले तेव्हा तो एवढंच म्हणाला, “उपकार झाले रे, दशांश.”

ही पदवी त्याला १९७३ सालच्या ऑगस्टमध्ये मिळाली.

त्या काळी विस्कॉन्सिनच्या आमच्या भागात ज्या गावाला बिगुल-ढोलांचं पथक नाही, त्या गावाला लोक गाव मानत नसत. आमचं ओस्टरविल ग्रेनेडियर्स. शंभरावर पोरंपोरी बिगुल फुंकत, ढोल बडवत फुटबॉलच्या मैदानावर सरळ रेघांत चालायची आणि त्यांच्या मधून पाट्या घेतलेले परीक्षक फिरायचे. सूर फाटला की पेन्सिलीची एक रेघ, पाऊल चुकलं की एक रेघ. एका रेघेला एक दशांश गुण वजा. त्याआधी एक निवृत्त सुभेदार छाप गृहस्थ बटणं, बूट, हातमोजे तपासून जायचा, त्याचीही पेन्सिल असायचीच. वाजवलं कसं यापेक्षा बिघडवलं किती यावर गुण देण्याची ही पद्धत आमच्या लोकांना फार आवडायची. संसारातही ते तीच वापरत.

राज्याच्या अंतिम फेरीत एक तुकडा ऑर्व्हिलने एकट्याने वाजवायचा होता. वय एकवीस, म्हणजे पथकाच्या नियमाने म्हातारा, पुढच्या वर्षी बाहेर. सगळ्यात वरच्या सुरावर त्याचा बिगुल किंचित, अगदी केसभर चिरकला. आणि बर्लोट गावच्या पथकाने आम्हाला एका दशांशाने हरवलं.

खरं म्हणजे त्या दिवशी आमचे दीडेकशे दशांश गेले होते. ग्लेन पॅट्झच्या हातून तर ढोलाची काठीच उडाली होती. पण काठी पडलेली गॅलरीत ऐकू जात नाही, सूर जातो. सगळ्या गावाला खापर फोडायला एक डोकं हवं होतं आणि ऑर्व्हिलचं डोकं तसं उंचावरच होतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेले मासे खाताना, ग्लेन ओरडायचा, “दशांशला एक तुकडा कमी वाढा रे!” पन्नास वर्षं हाच विनोद. लोक पन्नास वर्षं हसले, कारण गावात दुसरा नव्हता.

ऑर्व्हिल म्हणायचा, “तो सूर चिरकला नव्हता. वाऱ्याने तसा वाटला.” आधी रागाने म्हणायचा, मग सवयीने. फक्त ॲडलीन कधी काही बोलली नाही. ती त्याच पथकात तिसऱ्या ओळीत डाव्या टोकाला मोठा, जड आवाजाचा बिगुल वाजवायची. दशांश हा शब्द तिने घरात कधी उच्चारला नाही, मुलींच्या गणिताच्या अभ्यासातसुद्धा नाही. ऑर्व्हिल तिच्या या एका गुणावर जीव टाकायचा.

मग पन्नासाव्या वर्षी एक पाकीट आलं. त्या स्पर्धेचा मुख्य परीक्षक वारला होता. त्याच्या लेकीला माळा आवरताना जुनी गुणपत्रकं सापडली, ती तिने पाठवून दिली. ग्लेन आता माजी वादकांचा अध्यक्ष होता. त्याने पाकीट न फोडता जाहीर केलं, “स्नेहमेळाव्यात उघडायचं. आणि वाचायचं आरोपीने स्वतः!”

ऑर्व्हिलला तीन रात्री झोप आली नाही. त्याने चार पानांचं भाषण लिहिलं. ज्यांनी त्याची माफी मागायला हवी ती माणसं नावानिशी, एकूण एकतीस, पोस्टमन धरून.

“कशाला उकरतोस?” ॲडलीन म्हणाली. “इतकी वर्षं गेली.”

“इतकी वर्षं गेली म्हणूनच.”

रविवारी दुपारी बागेत सगळे जमले. निखाऱ्यांवर सॉसेज भाजत होते, टबात बर्फ आणि बिअर. पन्नास वर्षांपूर्वीच्या पँटीत न मावणारी पोटं खुर्च्यांवर बसली. ऑर्व्हिलने माइकपुढे पाकीट फोडलं.

पहिला कागद बिगुलांचा. त्याच्या तुकड्यासमोर एकही रेघ नव्हती. शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सुरेख’. भाषणासाठी त्याने खिशात हात घातला आणि तेवढ्यात दुसऱ्या कागदाकडे नजर गेली. गणवेश तपासणीचा. बर्लोट: शून्य. ओस्टरविल: एक दशांश. ‘तिसरी ओळ, डावं टोक, उजव्या हातमोज्यावर मोहरीच्या सॉसचा डाग.’

गणवेशात खायचं नाही, हा पथकाचा पहिला नियम. त्या दुपारी ऑर्व्हिलला भूक आवरली नव्हती. बसच्या आड त्याने मोहरीचा सॉस लावलेलं सॉसेज आणलं, एक घास घेतला, बुटाची नाडी सुटली म्हणून ते शेजारच्या पोरीच्या हातात दिलं. त्याआधी तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

त्याने वर पाहिलं. ॲडलीन शेवटच्या रांगेत मांडीवर हात झाकून बसली होती.

“वाच की रे!” ग्लेन ओरडला.

“दशांश माझाच होता,” ऑर्व्हिल म्हणाला.

बाग हसण्याने हादरली. “आम्हाला पन्नास वर्षं ठाऊक आहे!” काचेच्या कपाटात लावायला ग्लेनने कागद मागितले, ते देताना दोन्ही कागद बिअरच्या टबात पडले. पेन्सिल पाण्यात टिकली असती, पण ऑर्व्हिलने ते घाईघाईने, फार मन लावून चोळून पुसले.

“तुझ्या हातून काही धड होईल का रे, दशांश?”

“नाही होत खरं,” तो म्हणाला.

घरी जाताना गाडी ॲडलीन चालवत होती. बर्लोटचा फाटा मागे पडला.

“मला वाटलं, तू वाचशील,” ती म्हणाली.

“वाचलं ना. सॉसेज माझं होतं.”

“मी हात मुठीत झाकला होता, तरी त्या तपासणाऱ्याने उघडायला लावला. लिहिताना बघितला मी त्याला.”

“म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?”

“तर. त्याच आठवड्यात सगळे तुला बोलायला लागले. मला तोंड उघडवेना.” तिचा आवाज जरा ओला झाला, आणि लगेच नेहमीसारखा करवादला. “तुला काय वाटलं, तुझ्याशी लग्न मी तुझ्या रूपाकडे बघून केलं?”

ऑर्व्हिलने खिशातलं चार पानी भाषण काढलं आणि त्या कागदांनी गाडीच्या काचेवरची वाफ पुसायला सुरुवात केली.

“तो सूर मात्र चिरकला होता हं,” ॲडलीन म्हणाली. “मी मागेच उभी होते.”