एकशे त्रेचाळीस वेळा नेमकं

प्रकाशनाच्या कचेरीत तिला सगळे फूटपट्टीबाई म्हणायचे. सव्वीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती आणि ओळीखाली लाकडी पट्टी धरल्याशिवाय तिचं वाचन पुढे सरकत नसे. खालच्या ओळीत आधी डोकवायचं नाही, हा तिचा नियम. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला एक नियमही अजून चालायचा. शेवटच्या मुद्रितावर बाईंची ‘छापावे’ अशी सही पडल्याखेरीज पुस्तक मशीनवर चढत नसे.

त्या सोमवारी तिच्या टेबलावर एका निवृत्त नर्सच्या कादंबरीचं शेवटचं मुद्रित आलं. नर्स गेल्या वर्षी वारली होती, तिच्या बाजूने बोलायला मागे कोणी नव्हतं. अडुसष्टाव्या पानावर पट्टी थबकली.

‘काय झालं ते सगळे सांगत होते. काय झालं ते कोणी सांगेना.’

बाईंनी ओळ पुन्हा वाचली. मग कपाटातून हस्तलिखित काढलं. तिथे निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेलं होतं : ‘नेमकं काय झालं ते कोणी सांगेना.’ वॉर्डात एक बाळंतीण दगावते. डॉक्टर, आया, सासरचे, माहेरचे, ज्याची त्याची गोष्ट तयार. खरं तेवढं कोणाच्या तोंडून निघत नाही. अख्खी कादंबरी त्या एका शब्दावर उभी होती.

“तो मी उडवला,” मालकांचा भाचा म्हणाला. दोन महिन्यांपूर्वीच तो संपादक म्हणून आला होता. “एकशे त्रेचाळीस वेळा होता, काकू! पानोपानी नेमकं, नेमकं. वाचणाऱ्याला वीट येतो. कॉम्प्युटरला सांगितलं, एका फटक्यात साफ.”

“एकेक जागा वाचून उडवलास?”

“वाचायचं काय त्यात? शब्द एकच.”

“मग मी सही करत नाही.”

भाचा हसला. “काकू, सहीबिही आता कुठे राहिलीय? मामांना सांगतो मी. मग तुमचं तुम्ही बघा.”

घरी नवरा कांदा चिरत होता. सगळं ऐकून म्हणाला, “अगं, दोन वर्षं राहिलीत तुझी. टाक की सही करून. कोण बघायला बसलंय?”

“मी बसलेय ना!”

“तुझ्यापुढे बोलायची सोय नाही,” असं म्हणून त्याने डोळे पुसले, आणि दोष कांद्याला दिला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आत बोलावलं. भाचा आधीच खुर्चीत होता. “बाई, एका शब्दापायी घरी बसायचंय का तुम्हाला?”

तिने अडुसष्टावं पान त्यांच्यापुढे ठेवलं. “मोठ्याने वाचा.”

मालकांनी वाचलं. दुसऱ्या वाक्याला अडखळले, मागे गेले, पुन्हा वाचलं. चष्मा काढला. “याचा अर्थ काय?”

“तेच म्हणतेय मी. मेलेल्या बाईला वेड्यात काढायचं असेल तर खुशाल छापा. सही तुमची करा. माझी मिळायची नाही.”

“आणि बाकीचे एकशे बेचाळीस?” भाचा उसळला.

“त्यातले पुष्कळ फुकट आहेत. नेमकं तेव्हाच दार वाजलं, नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं. असले मीसुद्धा काढीन. पण जिथे ती बाई दुखऱ्या जागेवर बोट ठेवते, तिथलं बोट छाटायचं नाही.”

“म्हणजे मी बरोबरच होतो!”

“वाचलं असतंस तर झाला असतास.”

मालक खाकरले. “बरं, असं करा. हस्तलिखित घरी न्या, सवडीने बघा.”

“घरी नाही. इथे, कचेरीच्या वेळेत. आणि हा शेजारी बसून मला हस्तलिखित वाचून दाखवील. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस जागा.”

“मशीन तीन दिवस रिकामं राहील, बाई!”

“राहू दे.”

भाच्याने मामांकडे पाहिलं. मामांना एकाएकी चष्म्याची काच फार मळलेली वाटू लागली होती. मुकाट्याने त्याने आपली खुर्ची बाहेर, तिच्या टेबलापाशी ओढत आणली आणि तोंड पाडून वाचायला लागला.

संध्याकाळपर्यंत एकतीस जागा झाल्या. नऊ ठिकाणी ‘नेमकं’ ठेवलं, बाकीच्यांतून काढलं. बत्तिसाव्या जागेपाशी तो जांभई देत म्हणाला, “हा काढू या.”

“का?”

“का म्हणजे? उगाच आलाय.”

“उगाच कसा, ते सांग,” ती म्हणाली. “मग काढू.”

त्याने घड्याळाकडे पाहिलं, आणि परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला.