नरहरपंतांचा अबोला

आमच्या गावात बहुतेक लोक नियमातून वाट शोधायचे; नरहरपंत पाळायला नियम शोधायचे. गावाच्या वेशीजवळ करोडगिरीचा नाका होता, म्हणजे निजाम सरकारची जकातीची चौकी. माल घेऊन येणारा माणूस तिथून मान खाली घालून सटकायला बघायचा. पंत मात्र पिशवी रिकामी असली तरी थांबत आणि ती उलटी करून झटकून दाखवत. शिपाई वैतागायचा, जावा म्हणायचा. पंतांचं उत्तर ठरलेलं असे, "कायद्याला पाय न्हाईत. आपणच त्याच्याकडं जावं लागतं."

अंबाजोगाईच्या शाळेत मी गणित शिकवायला नवा लागलो, तेव्हा पंतांच्याच घरात पुढची खोली भाड्यानं घेतली होती. पंत मूळचे धर्मापुरीचे. शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत. वर्गात त्यांची भाषा सोवळ्यात असे. घरी आले की पागोट्याबरोबर तीही खुंटीला जाई, आणि मग 'न्हाई' आणि 'कावून' मोकळे सुटत. भिंतीला भिंत लावून मौलवी अब्दुल गनी राहत. ते शाळेत फारसी शिकवत आणि मराठी अशी बोलत की भाजीवाली त्यांना भाव कमी करून देई. दोघांचा ओटा एकच. रोज संध्याकाळी तिथं बसून ते एखादा शब्द घेत आणि तो मराठी की फारसी, यावर दिवेलागणीपर्यंत खालच्या आवाजात खल करत.

एका संध्याकाळी पंत एक जाड लिफाफा घेऊन ओट्यावर आले. हैदराबादच्या विद्यापीठानं एम.ए.चे निबंध तपासायला त्यांच्याकडे पाठवले होते. विषय होता मराठीत आलेले फारसी शब्द. सोबत नियमांचा कागद होता आणि तो उर्दूत. पंतांना उर्दू वाचता येई, पण अडखळत. आणि नियम अडखळत वाचणं त्यांना पाप वाटे. म्हणून गनीसाहेबांनी वाचून अर्थ सांगायला घेतला. उमेदवाराचं नाव झाकलेलं असेल. निबंध ठरलेल्या पानांपेक्षा लांबला तर गुण कापावेत. उमेदवारानं समासात काही लिहू नये. तपासणी संपेपर्यंत आपण परीक्षक आहोत हे परीक्षकानं कोणाला कळू देऊ नये. प्रत्येक निबंध दोन परीक्षक तपासतील आणि दोघांचे निकाल रवाना होईपर्यंत त्यांनी त्याबद्दल एकमेकांशी बोलू नये.

इथं गनीसाहेब थांबले आणि हसायला लागले. म्हणाले, "पंत, असाच लिफाफा मला सकाळी आलाय. दुसरा परीक्षक मीच हाय."

पंतांनी तोंडावर हात ठेवला, तो खाली घेतलाच नाही. कागद उचलला आणि आत गेले. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून मलाही आत बोलावून गळ्याची शपथ घालण्यात आली. मी त्यांना समजावलं की मनाई फक्त निबंधांबद्दल बोलायला आहे, पाऊसपाण्याबद्दल बोलायला कोण अडवतंय? ते म्हणाले, "मास्तर, बोलणं म्हंजी पाणी. उतार असंल तिकडंच जातं. आमचा दोघांचा उतार कुठं जातो, तुमाला ठावं हाय."

दुसऱ्या दिवसापासून पंत ओट्यावर यायचे बंद झाले. गनीसाहेब समोरून आले की हे बोळात वळत. शाळेत एकाच बाकावर बसायची वेळ आली तर पंत छताकडे बघत. गनीसाहेबांना आधी गंमत वाटली, मग राग आला, आणि मग त्यांनीही छताकडे बघायला सुरुवात केली.

गावानं आठवडाभर वाट पाहिली आणि मग भांडणाचं कारण स्वतःच तयार केलं. कोणी म्हणालं, मौलवींच्या शेळीनं पंतांची तुळस खाल्ली. कोणी म्हणालं, हेडमास्तरकीवरून बिनसलं. इथवर ठीक होतं. पण पुढं शाळेतली पोरं दोन बाजूंना बसू लागली आणि बाजारात एका बाजूच्या दुकानावर दुसऱ्या बाजूचं गिऱ्हाईक जाईना, तेव्हा मला भीती वाटू लागली. कधी कोणी वाकडा शब्द न काढलेल्या आळीत लोक आवाज उतरवून बोलायला लागले होते.

शेवटी सिरसाळ्याकडचे एक जमीनदार, बापूसाहेब, चार मोठी माणसं घेऊन समेट करायला आले. सगळ्यांनी मान द्यावा असे गृहस्थ. त्यांनी पंतांना प्रेमानं विचारलं की मौलवींनी काय केलं ते सांगा. पंत म्हणाले, काही केलं नाही. मग बोलत कावून न्हाई? पंत घामाघूम झाले. खोटं बोलणं जमत नव्हतं आणि खरं सांगायला नियम आडवा होता. ते एवढंच म्हणाले, "कारण हाय, पण सांगता येत न्हाई."

यापेक्षा वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. ज्याचं कारण सांगता येत नाही, ते भांडण शेळी-तुळशीचं कसं असेल? मंडळी गंभीर चेहऱ्यानं उठली. ती गेल्यावर पंतांची बायको गोदाकाकू आतून म्हणाल्या, "एम्मे होणारं पोर कोण कुठलं, आन् गाव आमचं जळायची पाळी."

त्यातच गनीसाहेबांना हिवतापानं धरलं. भिंतीपलीकडचं कण्हणं ऐकून पंतांना घास गिळवेना. गोदाकाकूंच्या हाती काढा गेला, पेज गेली. पंतांनी आपले निबंध घाईनं संपवले, डाकखान्यात देऊन रसीद घेतली आणि तसेच अनवाणी शेजारी गेले. पण गनीसाहेबांचे निबंध अजून उशाशीच होते. म्हणजे नियम चालूच. पंत खाटेजवळ बसले, डोक्यावरची पट्टी बदलत राहिले आणि दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. गनीसाहेब तापात म्हणाले, "पंत, शिवी तरी द्या." पंतांनी डोळे पुसले आणि मान हलवली.

ताप उतरला, गनीसाहेबांनी निबंध तपासून पाठवले, पण विद्यापीठाची पोच आल्याशिवाय पंत तोंड उघडेनात. काही दिवसांनी विद्यापीठाचा कागद आला. एका निबंधाच्या गुणांत फार फरक पडला होता. अशा वेळी दोन्ही परीक्षकांनी एकत्र बसून चर्चा करावी, एकच आकडा ठरवावा आणि कारण लिहून कळवावं, असा नियम होता. तो निबंधही सोबत परत आला होता. पंत कागद नाचवत ओट्यावर आले. "गनीसाहेब, भाईर या. बोलायचा हुकूम आलाय."

मग जे सुरू झालं ते त्या ओट्यानं कधी ऐकलं नव्हतं. निबंध मेंढपाळांच्या बोलीतल्या फारसी शब्दांवर होता. गनीसाहेबांनी त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले होते, पंतांनी जेमतेम पास केलं होतं. पंत ओरडले, पानं जास्त झालीत आणि पोरानं समासातसुद्धा लिहिलंय. गनीसाहेब त्याहून मोठ्यानं ओरडले, की समासात लिहिलंय ते वाचलं का, का नुसता समास मोजला?

"वाचलं," पंत गरजले, "तीनदा वाचलं. लई चांगलं हाय. म्हणून तर राग येतो."

आवाज पार चौकापर्यंत गेला. लोक धावत आले. दोघांच्या तोंडाला फेस आलेला, हात हवेत, मधे निबंधाची पानं उडतायत. बापूसाहेब त्या दिवशी बाजाराला आलेले होते, तेही पोचले. थोडा वेळ ऐकून त्यांनी पटका सरळ केला आणि शांतपणे म्हणाले, चला, मिटलं. लोकही हसत पांगले. गावाला कळत होतं, शत्रूशी कोणी असं भांडत नाही.

अंधार पडायच्या आत आकडा ठरला. तो गनीसाहेबांचाच होता. कारणाच्या रकान्यात पंतांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'चर्चा झाली. हरलो.' गनीसाहेबांनी खाली सही केली.

पंत जाऊन आता कैक वर्षं झाली. पण त्या रात्री जेवताना त्यांनी दोनदा भाकरी मागून घेतली, ते मला आठवतं. हरल्याचं वाईट नाही वाटलं का, असं मी विचारलं. ते बोटं चाटत म्हणाले, "मास्तर, ह्या वयात हरायला माणूस मिळावं लागतं."