होळीच्या आठवड्यातली तपासणी

मी चौथी शिकलेली बाई. डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्यात आया म्हणून आयुष्य गेलं. निवृत्त झाले तरी घरी बसवत नाही, म्हणून अजून तिथेच जाते. पुण्याहून आलेल्या त्या दोघांपुढे मला बसवलं, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. त्यांना कमी शिकलेलं पण वाचता येणारं माणूस हवं होतं, एवढंच.

दोघं म्हणजे एक बाई आणि एक चष्मेवाले सर. ते औषध देत नाहीत. डॉक्टरांना एकाच गोळीची चाचणी बऱ्याच जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत एकदम करायची असते, तेव्हा आधी सगळा आराखडा बसवून देणं हे त्यांचं काम. दवाखाने कोणते घ्यायचे, रोग्यांनी कधी यायचं, संमतीचा कागद लोकांना कळतो की नाही, हे ते बघतात. यावेळची गोळी रक्तदाबाची होती.

आमच्या सिस्टरचा जीव त्यात अडकला होता. दवाखाना निवडला तर चाचणीचं काम तिच्याकडे येणार होतं. नाही तर इथलं कंत्राट संपल्यावर तिला नोकरीसाठी सुरत गाठावी लागणार होती, आणि तिची मुलगी अजून अंगावर पीत होती.

संमतीचा कागद मी मोठ्याने वाचला. दोन ठिकाणी अडले, तिथे त्या बाईंनी खूण केली. पुढे तपासणीचं वेळापत्रक होतं. दर पंधरा दिवसांनी ठरल्या दिवशी यायचं, खुर्चीवर बसायचं, सिस्टर दाब मोजणार. त्यातली एक खेप बरोबर होळीच्या आठवड्यात पडत होती. खाली 'स्थानिक अडचणी' असं छापलेलं, आणि पुढे सिस्टरच्या अक्षरात 'नाही'.

मी तिच्याकडे वळले. "हाई खोटं काबर लिखं वं तू?"

"मावशी, तुम्ही चहा घ्या आणि गप ऱ्हा."

ती स्वतः डोंगरातली. तिला काय माहीत नव्हतं? होळीचा नवस असलेला गडी पाळणी धरतो. त्या दिवसांत तो अंघोळ करत नाही, खाटेवर-खुर्चीवर बसत नाही, बाईच्या हाताला लागत नाही. मला हे कळलं ते माझ्या गाढवपणामुळे. नोकरीच्या पहिल्या वर्षी पायाला जखम झालेला असाच एक गडी आला, तर मी त्याचा दंड धरून त्याला खाटेवर बसवलं. तो पट्टी न बांधताच निघून गेला.

हे मी त्या दोघांना सांगून टाकलं. सिस्टरचं तोंड पडलं.

सर म्हणाले, "मग पुरुष कर्मचारी पाठवू. जमिनीवर बसवून मोजेल."

बाई म्हणाल्या, "नाही चालणार. बाकी दवाखान्यांत खुर्चीवर मोजायचं आणि इथे जमिनीवर, मग आकडे जुळवायचे कसे? सगळीकडे रीत एकच हवी." मग त्यांनी सिस्टरला विचारलं, "तुम्ही काय कराल?"

मला वाटलं, ही आता रडते. पण ती फणकाऱ्याने बोलली, "दिवस कशाला ठरवता? पाळणी धरायच्या आधी बोलवा, नाही तर होळी झाल्यावर. माणसं येतील. माझा सासराच पाळणी धरतो, मला ठाऊक आहे."

"मग 'नाही' का लिहिलंत?"

"तुम्ही दवाखाना गाळाल म्हणून."

बाई हसल्या. म्हणाल्या, "अडचण लपवली की गाळतो." आणि ठरल्या दिवसाच्या आठवडाभर मागेपुढे चालेल, असं त्यांनी सगळ्याच दवाखान्यांसाठी लिहून घेतलं.

पुण्याहून निकालाचं पत्र येईपर्यंत सिस्टर माझ्याशी बोलली नाही. मीही तिला समजावायला गेले नाही. आमचा दवाखाना निवडल्याचं पत्र आलं त्या दिवशी तिने ते माझ्यापुढे टाकलं. "वाचा मोठ्याने. तुम्हाला लई हौस ना!"

यंदा होळीच्या आधीच तिने सासऱ्याला दवाखान्यात आणलं. म्हातारा खुर्चीवर ऐसपैस बसला आणि सुनेला म्हणाला, "लवकर आटप. उद्यापासून मी तुझ्या हाताला लागायचा नाही."

तिने पट्टा आवळला. "बोलू नका, दाब वाढतो."

तिची मुलगी माझ्या मांडीवर होती. तिने माझा चष्मा ओढून खाली पाडला.